कौलावरचं १८६५ आणि बंगल्याचं खरं वय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात तुमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळकांचा (पाद्र्यांचा) जुना बंगला आहे. वडीलधारी माणसं सांगतात की तो १८४९ चा. छपराच्या कौलांवर १८६५ छापलंय. पुढच्या दारावरच्या संगमरवरी पाटीवर १९०७ आहे. स्मरणिकेत यातलं कोणतं साल घालायचं? आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की भिंतींना ओल येते, म्हणून पावसाळ्याआधी ठेकेदार बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर पत्रा करायचं म्हणतोय, आणि दुरुस्तीला खर्च किती येईल.

मी सव्वीस वर्षं सातारा आणि सांगली-मिरज भागात जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. वाडे, देवळं, दोन शाळा आणि पाच मिशन बंगले हातून गेलेत. त्यावरून सांगतो, तुमची तिन्ही सालं खरी असतील आणि तिन्हींतलं एकही बंगल्याचं नसेल. ते ठरवण्याआधी ठेकेदाराला थांबवा. सिमेंट एकदा चढलं की वय सांगणाऱ्या खुणा त्याखाली जातील आणि ओल तर जाणारच नाही. त्यावर खाली लिहितोच.

मी घर पाहिलेलं नाही, तुम्ही टाकलेले अकरा फोटो पाहिलेत. जागेवर हात लावून पाहिल्यावर माझं मत बदलू शकतं, असं पूर्वी दोनदा झालंय.

आधी १८४९. हे साल खरं आहे, पण मिशनच्या ठाण्याचं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये अहमदनगरला गेलं. सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि पुढच्याच वर्षी मिशनने इथे ठाणं मांडलं. आता ठाणं मांडणं म्हणजे काय, तर एक मिशनरी कुटुंब येऊन राहिलं. ते पहिल्याच वर्षी एवढा दगडी बंगला उभा करेल हे मला पटत नाही. बांधकामाचा पैसा मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बोर्डाकडून मंजूर व्हायचा. सुएझचा कालवा झाला १८६९ ला. त्याआधी पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत ऋतू बदलायचा. तोवर भाड्याचं घर, नाहीतर एखाद्या साहेबाचा सुटलेला बंगला. तेव्हा मंडळीच्या इतिहासात १८४९ जरूर लिहा, घराच्या कपाळावर चिकटवू नका.

१८६५ चा घोळ तर मी इतक्या वेळा पाहिलाय की आता हसू येतं. बाझेल मिशन नावाची स्वित्झर्लंडमधली संस्था होती. तिने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ते साल कौलावर छापायला सुरुवात केली. दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना अमुक’ लिहितात, तसंच हे. कौल पन्नास वर्षांनी भाजलेलं असलं तरी त्यावर १८६५ च. मंगळूरच्याच अल्बुकर्क कंपनीच्या कौलांवर १८६८ असतं, त्याचाही अर्थ तोच. शिवाय मंगळूरची कौलं साताऱ्यापर्यंत गाड्या भरून यायची तर रेल्वे हवी. पुण्याहून मिरजेकडे जाणारा मार्ग १८८० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाला. त्याआधी घाट चढवून कौलं आणणारा एखादा हौशी असेलही, पण पाळकांच्या बंगल्यासाठी ही हौस कोण करणार?

तुमचा सातवा फोटो जरा मोठा करून बघा. मागच्या पाख्याच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूच्या, खालच्या तीन ओळींतली कौलं रंगाला वेगळी आहेत आणि एकावर ‘कॉमनवेल्थ’ अशी अक्षरं दिसतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात बाझेल मिशनचे कारखाने इंग्रज सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे त्या तीन ओळी महायुद्धानंतरच्या. वळचणीची कौलं आधी फुटतात, माणसं शिडी तिथेच टेकतात, म्हणून बदललीही तिथेच जातात.

राहिली पाटी. तिच्यावर ‘बांधला’ असं कुठेच नाही, ‘स्मरणार्थ’ असं आहे. कुणाच्या तरी आठवणीसाठी देणगी आली, त्यातून पोर्च झाला असेल, फरशी झाली असेल, नुसती पाटीच बसली असेल. आणि पाट्या चालतात बरं का! मिरजेकडच्या एका बंगल्यात पाटीच्या चार कोपऱ्यांना भोकं होती, पण मागच्या भिंतीत त्या जागी खुंट्यांचा मागमूस नव्हता. चौकशी केल्यावर कळलं की ती पाटी पडलेल्या शाळेची. कुणीतरी जपून ठेवली आणि सोयीची भिंत बघून बसवली.

मग खरं वय कसं काढायचं? मी पाट्या सोडून छपरात शिरतो. बॅटरी घ्या, जुने कपडे घाला, नाकाला फडकं बांधा. माळ्यावर चढल्यावर आधी वाशांच्या वरच्या कडा बघा. मंगळुरी कौलांना साधारण फुटाफुटावर रीप (वाशांवर आडवी ठोकलेली लाकडी पट्टी) लागते आणि रिपेचे खिळे वाशात ओळीने असतात. या ओळीखेरीज जवळजवळ आणखी जुनी भोकं दिसली, किंवा वाशाच्या अंगावर दोरीने घासून पडलेले वळ दिसले, तर त्या वाशांनी आधी दुसरं छप्पर पेललंय. गवताचं असेल, नळीच्या देशी कौलांचं असेल. बांबू दोरीने बांधायचे, त्याचे ते वळ. असे वळ सापडले तर घर मंगळुरी कौलांपेक्षा जुनं, हे मी छातीठोकपणे लिहीन. नाही सापडले तर मात्र लगेच ‘नवं’ म्हणू नका, वासेच बदललेले असू शकतात.

तिथेच करवतीचे ओरखडे तपासा. दोघांनी वर-खाली उभं राहून हाताने कापलेल्या सागावर सरळ, तिरपे, कमीजास्त अंतराचे ओरखडे असतात. यंत्राच्या गोल पात्याचे कमानीसारखे असतात. खिळा घडीव चौकोनी की गोल तारेचा, तेही बघा. दिवाणखान्यावर लोखंडी गर्डर दिसतोय, त्याच्या पोटाला चुना खरवडून नाव वाचा. इंग्लंडच्या डॉर्मन लाँगचे गर्डर आपल्याकडे पुष्कळ आले. टाटांचं नाव असेल तर तो १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं तेव्हापासून.

आणखी एक खूण जमिनीवर उभं राहून दिसते. व्हरांड्याची आडवी भिंत मुख्य भिंतीला जिथे भिडते तो कोपरा. एकाच वेळी बांधलेल्या भिंतींत दगड एकमेकांत गुंततात, एक थर इकडचा आत, एक तिकडचा. नंतर जोडलेल्या भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ सांधा राहतो, सुरी घालावी असा. तुमच्या चौथ्या फोटोत, पूर्वेच्या बाजूला, रंगाखालून असा सांधा दिसतोय असं मला वाटतं. तसं असेल तर व्हरांडा मागाहून आला. मग मूळ घर म्हणजे मधला दिवाणखाना आणि दोन्हीकडच्या दोन-दोन खोल्या, एवढंच.

एवढं सगळं करून तुम्हाला एक साल मिळणार नाही. मिळेल ते असं: मधलं घर रेल्वेच्या आधीचं, छप्पर रेल्वेनंतरचं, व्हरांडा त्याच सुमाराचा, मागची डागडुजी महायुद्धानंतरची. स्मरणिकेत असंच छापा. वाचणाऱ्याला एका आकड्यापेक्षा यातून जास्त कळतं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, पण मला फोटो पाहिल्यापासून जे खटकतंय ते. हा बंगला मुळात पाळकांचा नसावा.

आपण सगळेच ‘पाळकांचा बंगला’ म्हणतो, कारण आपल्या आणि आपल्या आईवडिलांच्या आठवणीत तिथे पाळक राहत आलेत. बांधणी मात्र वेगळं सांगते. कमरेएवढं जोतं, तीन बाजूंना व्हरांडा, चौदा-पंधरा फूट उंच दिवाणखाना, वर हवेसाठी झडपा. प्रत्येक झोपायच्या खोलीला मोरी, आणि मोरीला बाहेरून वेगळं दार. हे दार सफाईच्या माणसाने घरात पाऊल न ठेवता काम करून जावं म्हणून. स्वयंपाकघर वीस पावलं लांब, वरून नुसतं छप्पर घातलेली वाट. धूर, उकाडा आणि आगीची भीती दूर ठेवायला. हे साहेबी घर आहे, नोकरमाणसं गृहीत धरलेलं. मराठी पाळकाच्या पगारात असं घर चालवणं शक्यच नव्हतं.

१८५० च्या दशकापासून अहमदनगरकडे मराठी पाळकांना दीक्षा मिळू लागली. त्यांना कंपाउंडात घर मिळायचं ते कोपऱ्यातलं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे चूल. मोठ्या बंगल्यात मिशनरी. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या काँग्रेगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या, १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात परदेशी मिशनरी हळूहळू परतले. बंगले रिकामे झाले, पाळक तिथे राहायला आले आणि नाव बदललं. मी पाहिलेल्या पाचांपैकी चार बंगल्यांची हीच कहाणी.

म्हणून आता तुमच्या नवव्या फोटोकडे या. बंगल्याच्या मागे, आडाच्या पलीकडे, एक बसकी लांबट इमारत आहे. तुम्ही खाली लिहिलंय, ‘खुर्च्या आणि मांडवाचं सामान ठेवायची खोली.’ तिची पडवी बघा. लाकडी खांब, खाली दगडी तळखडे, भिंतीला कोनाडे, आणि पडवीत उघडणारी दोन दारं. पाळकांचं मूळ घर हेच असावं असं मला वाटतं. दोन दारं का? पाळकाचं घर अर्धं घरच्यांचं आणि अर्धं मंडळीचं असतं. एका दारातून बाईमाणसं आणि मुलं. दुसऱ्या दारातून ज्याला दाखला हवाय, लग्नाची तारीख ठरवायचीय, भांडण मिटवून घ्यायचंय, किंवा घरातलं धान्य संपलंय तो. त्या दाराच्या आतली छोटी खोली म्हणजे पाळकांचं ऑफिस. पडवीतला दगडी कट्टा म्हणजे त्याची वाट बघायची जागा, आणि संध्याकाळी पोरांची शाळा. सांगलीकडच्या एका घरात त्या कट्ट्याची कड मधोमध बोटभर झिजून गुळगुळीत झालेली होती, दोन्ही टोकांना मात्र पाथरवटाच्या टाकीचे घाव ताजे वाटावेत असे उभे. किती माणसं तिथे बसून उठली असतील याचा अंदाज मला कोणत्याही कागदावरून आला नसता.

आणि मधला तो आड. त्याला स्मरणिकेत निदान अर्धं पान द्या. त्या काळी मंडळीत आलेल्यांपैकी बरीच कुटुंबं महार-मांग समाजातली होती, गावच्या पाणवठ्यावर त्यांना पाणी भरता येत नव्हतं. कंपाउंडातला आड ही नुसती सोय नव्हती. रहाट, काठावर दोरीने पडलेल्या खाचा, पायऱ्या, जे असेल त्याचे फोटो घ्या. आड बुजवायचा विचार कुणी करत असेल तर आधी जाळी बसवा, बुजवू नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर घर कोणत्या मिशनचं यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत निदान तीन वाटा आहेत. सातारा आणि वाईकडे अमेरिकन मराठी मिशन. त्याच्या बोर्डाची पत्रं आणि अहवाल हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. ते १८५२ मध्ये कोल्हापूरला सुरू झालेल्या कामातून वाढलं, आणि डॉ. वानलेस यांचं मिरजेचं इस्पितळ १८९४ चं. त्यांची कागदपत्रं फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. तिसरी वाट सरकारी पाद्र्यांची, म्हणजे जिथे साहेब आणि पलटण होती तिथली इंग्रजी चर्चं. महाबळेश्वरचं ख्राइस्ट चर्च १८४२ चं, त्या जातीचं. त्यांच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. तुमचं घर पहिल्या वाटेवरचं.

पण लंडन-अमेरिकेच्या आधी साताऱ्यातलीच दोन कामं उरका. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, तिच्यावर जुना धारणाधिकार आणि फेरफार दिसतात. आणि धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टचा पीटीआर (सार्वजनिक न्यास नोंदवही) उतारा घ्या, त्यात ही मिळकत कोणत्या नावाने नोंदली आहे ते बघा. हे इतिहासासाठी आहेच, पण उद्या कुणी ‘पाडून कॉम्प्लेक्स करू’ म्हणाला तर उपयोगी पडेल. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायला किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. त्यानंतर मंडळीच्या पंचांच्या इतिवृत्ताच्या वह्या चाळा. ‘पाळकांच्या घराची कौले बसवण्यास’ अशी एक ओळ सापडली तर माझ्या सगळ्या तर्कांपेक्षा ती भारी. आणि मिशनचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघतंय, त्याचे जुने अंक कुठे बघायला मिळाले तर सोडू नका.

जाता जाता एक. रेव्हरंड ना. वा. टिळक या घरात राहिले होते, असं तुमच्याकडे सांगतात. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, ते साताऱ्यात होते, त्यांनी उभारलेला ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ त्याच काळातला, आणि १९१९ मध्ये ते वारले. हे सगळं पक्कं. पण त्यामुळे साताऱ्यातल्या प्रत्येक जुन्या ख्रिस्ती घरात ते मुक्कामाला होते असं मी गेली सव्वीस वर्षं ऐकतोय. कागद नसेल तर ‘असं सांगतात’ एवढंच लिहा. नोकरी सोडलेला माणूस मिशनच्याच बंगल्यात कसा, हाही प्रश्न स्वतःला विचारा.

आता ओल. आपला काळा दगड स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. दोन-अडीच फुटी भिंत म्हणजे बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये दगडमातीची भर. पावसाचं पाणी कुठून ना कुठून त्या भरीत शिरतंच. बाहेर पडायला त्याला एकच वाट असते, दगडांमधल्या चुन्याच्या दरजा, म्हणजे सांधे. चुना मऊ आणि सच्छिद्र, उन्हात पाणी त्यातून निघून जातं. त्या दरजा सिमेंटने बंद केल्या की पाणी आतल्या बाजूला वळतं, खोलीतल्या गिलाव्यातून बाहेर येतं आणि बरोबर क्षार आणतं. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काम सुरू केलं त्या वर्षांत, साताऱ्यातल्याच एका घराच्या जोत्याच्या दरजा मी स्वतः सिमेंटने भरल्या होत्या, वर पाठही थोपटून घेतली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर घरमालकांनी बोलावून आतली भिंत दाखवली. लोणा कमरेपर्यंत चढला होता, नखाने गिलावा पिठासारखा पडत होता. ते सिमेंट छिन्नीने काढायला भरायच्या दुप्पट दिवस लागले आणि ते पैसे मी मागितले नाहीत.

तुमच्याकडे ओल कुठे आहे त्यावर उपाय ठरेल. जमिनीपासून वर चढत असेल तर बाहेरची माती जोत्याला किती चढलीय ते बघा. फोटोत पश्चिमेला फरसबंदी जोत्याच्या वरच्या कडेला टेकलेली दिसते. ती उतरवून पाणी घरापासून लांब न्या, निम्मं काम तिथेच होईल. ओल वरून येत असेल तर मुख्य छप्पर आणि व्हरांड्याचं छप्पर जिथे जुळतं तिथे शोधा. व्हरांड्याचं पाखं कमी उताराचं असतं, तिथे कौलांखालून पाणी मागे सरकतं. पत्रा टाकून हे झाकलं जाईल, पण झडपांतून खेळणारी हवा बंद होईल आणि एप्रिलात पाळक तुम्हाला दुवा देणार नाहीत. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पूर्वी तिथे भिंतींना गवताच्या ताट्या बांधत. तिथला माणूस पत्रा म्हणाला तर मी ऐकून घेईन. साताऱ्याच्या हजारभर मिलिमीटरला नीट बसवलेली कौलं पुरतात. फुटलेली बदला, रिपा बदला, खाली हवं तर अस्तर घाला.

दरजांसाठी कळीचा चुना आणून निदान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर पाण्यात मुरवा. एक भाग चुना, अडीच-तीन भाग धुतलेली वाळू, त्यात थोडी सुरखी (विटांची भुकटी). गूळ आणि हिरड्याचं पाणी मीही घालतो, पण त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. भरल्यावर आठ-दहा दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवणं त्याहून महत्त्वाचं, आणि तिथेच सगळे कंटाळतात. हे काम दिवाळीनंतरचं. या पावसाळ्यापुरतं कौलं, पन्हळी आणि ती फरसबंदी एवढंच करा, भिंतीला हात लावू नका.

खर्चाचा आकडा तुम्ही मागितलाय, तो फोटोवरून सांगणार नाही. त्याऐवजी एवढं करा. मांडवाचं सामान एका रविवारी बाहेर काढा आणि त्या मागच्या खोलीच्या वाशांचे फोटो पाठवा. बॅटरी वाशाला समांतर धरून काढा, समोरून प्रकाश मारलात तर दोरीचे वळ दिसत नाहीत.